पळून जाण्याचे सोंग

‘पळून गेली’ हे दोन शब्द मराठी घरात अजूनही मोठ्याने उच्चारले जात नाहीत. माजघरात बायका बोलत बसल्या असल्या आणि बोलता बोलता हे शब्द आले, म्हणजे आवाज आपोआप खाली येतो आणि दाराशी घुटमळणाऱ्या पोरांना ‘जा रे, अंगणात खेळा’ म्हणून पिटाळले जाते. आणि आता हेच दोन शब्द बाजारात विक्रीला आले आहेत! ‘इलोपमेंट’ असे इंग्रजी नाव लावले की त्यांची लाज जाते आणि किंमत चढते. डोंगराचा माथा, उगवता सूर्य, मोजकी दहा माणसे, रानफुलांची कमान, छायाचित्रे टिपणारे दोघे आणि डोक्यावर घोंघावणारा ड्रोन, असा सारा सरंजाम ठरवून, आगाऊ रक्कम भरून आणि तारीख राखून ठेवून हल्ली पळून जाता येते.

मला या प्रकाराविरुद्ध चार शब्द लिहायचे आहेत. फराळाच्या ताटाशेजारी कडू फोड कशाला, असे कोणी म्हणेल. पण पायाखाली कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावल्याशिवाय आपली दिवाळी तरी कुठे सुरू होते?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. लहान लग्नाविरुद्ध माझी काडीचीही तक्रार नाही. दहा माणसांत लग्न लागले म्हणून नवराबायकोचे प्रेम पातळ होत नाही आणि हजार पाने उठली म्हणून ते घट्टही होत नाही. डोंगराविरुद्धही माझे काही नाही. ज्याला डोंगर आवडत नाही अशा माणसाशी मी फार वेळ बोलू शकत नाही. माझे भांडण आहे ते सोंगाशी.

आमच्या बाजूचीच गोष्ट घ्या. मोखाडा तालुक्यात खोडाळ्याच्या पुढे चढून गेले म्हणजे सूर्यमाळ येते. मुंबईचा माणूस कसाऱ्याला उतरतो, विहीगावचा धबधबा पाहतो, खोडाळ्याला चहा घेतो आणि वर येऊन ‘अहाहा’ म्हणतो. त्याचे चुकत नाही. आश्विन-कार्तिकात उतारावर खुरासणी फुललेली असते, नागली आणि वरई कापणीला आलेली असते आणि सकाळी खालच्या दऱ्यांत धुके भरून राहिलेले असते. आषाढ-श्रावणात मात्र पाऊस आणि ढग असे की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे तोंड दिसू नये; आणि फाल्गुन सरला म्हणजे ऊन आणि पाण्याची ओरड. तेव्हा पळून जाण्याचा मोसम कार्तिकापासून माघापर्यंत. एवढी माहिती या धंद्यातल्या लोकांनाही असते. एकच गोष्ट ते सांगत नाहीत. ज्याला ते शिखर म्हणून विकतात, ते गाव आहे. नावातच माळ आहे, आणि त्या माळावर माणसे राहतात. त्यांची शेते आहेत, देव आहेत, पोरे शाळेत जातात. छायाचित्रात मात्र ‘निर्मनुष्य’ दिसावे म्हणून मोळी घेऊन जाणाऱ्या बाईला ‘जरा बाजूला हो’ असे सांगावे लागते. ती होते बिचारी. तिला वाटते, सरकारी मोजणी चालली असेल.

माझ्या ओळखीच्या घरातली, मुंबईला नोकरी करणारी एक मुलगी आहे. हुशार आहे, मनाने चांगली आहे. तिने मध्यंतरी मला फोन केला.

“काका, सूर्यमाळवर लग्न करायचंय. पळून जाऊन.”

मी दचकलो. “अगं, आईबाबांना ठाऊक आहे का?”

“म्हणजे काय? आईनंच साडी घेतली. वाऱ्यावर छान उडेल अशी हवी म्हणून तीन दुकानं फिरलो.”

“आणि मुलाकडचे?”

“ते कमानीचा खर्च करताहेत.”

“मग पळायचं कोणापासून?”

“तसं म्हणायचं असतं हो काका!”

“बरं. आणि बाकीची नातेवाईक मंडळी?”

“त्यांच्यासाठी ठाण्याला हॉल घेतलाय की. पुढच्या रविवारी.”

या शेवटच्या वाक्यात साऱ्या प्रकरणाची मेख आहे, तिच्याकडे मी येतोच. पण आधी त्या ‘तसं म्हणायचं असतं’कडे पाहू.

पळून जाण्याचे आपल्याला वावडे आहे असे कोण म्हणेल? आपण तर ते डोक्यावर घेतलेले आहे. रुक्मिणीने कृष्णाला पत्र पाठवले, देवीच्या दर्शनाचे निमित्त केले आणि भावाच्या डोळ्यांदेखत रथात बसून ती निघून गेली. या कथेवर नाथांनी ‘रुक्मिणी स्वयंवर’ लिहिले, आणि मुलीचे लग्न जमावे म्हणून घरोघरी तिच्या हातात हाच ग्रंथ देण्यात आला! बापाने ठरवलेले स्थळ पदरात पडावे म्हणून मुलीने भावाने ठरवलेले स्थळ नाकारणारीची पोथी वाचायची, असा हा आपला गमतीचा धर्म आहे. सुभद्रेचे तेच. 1882 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, आणि तेव्हापासून बलरामाला फसवून सुभद्रा अर्जुनाबरोबर गेली म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी टाळ्या पिटल्या. त्याच रात्री घरी येऊन त्यांनी आपल्या मुलीला खिडकीतून आत ओढले असेल ती गोष्ट वेगळी.

परंतु या कथांत एक गोष्ट आहे. पळणारीला पळावे लागत होते. शिशुपालाशी किंवा दुर्योधनाशी संसार करायचा नसेल तर दुसरा रस्ताच नव्हता. आणि पळून झाल्यावर लग्न कसे लागले? चारचौघांत, रीतसर. रुक्मिणीला कृष्णाने डोंगरावर नेऊन दोघांतच माळ घातली नाही. सारे यादव जमले, वाजंत्री वाजली. ज्या एका प्रसिद्ध लग्नाला कोणी वडीलधारे नव्हते, ते शकुंतलेचे. कण्व घरी नाहीत, आश्रम रम्य आहे, वेली फुललेल्या आहेत. आजच्या धंदेवाल्यांना जशी जागा हवी तशीच. पुढे भर दरबारात राजा म्हणाला, मी हिला ओळखत नाही. शकुंतलेपाशी पुरावा म्हणून काय होते? एक अंगठी, आणि तीही वाटेत पाण्यात पडलेली. सख्या मागे आश्रमात राहिलेल्या. लग्नाला साक्षीदार हवा तो बापाच्या हौसेसाठी नव्हे. पुढे कोणी ‘मी ओळखत नाही’ म्हणालेच, तर ‘मी पाहिले आहे’ असे म्हणायला कोणी हवे म्हणून.

इंग्रजांच्या देशातही हा प्रकार काही गंमत म्हणून सुरू झाला नाही. 1753 साली तिथे कायदा झाला की एकवीस वर्षांखालच्या मुलामुलीने आईबापांच्या संमतीशिवाय लग्न करू नये. स्कॉटलंडमध्ये तो कायदा लागू नव्हता. म्हणून जोडपी घोडागाडी पिटाळीत सरहद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीन या गावात जात आणि तिथल्या लोहाराच्या ऐरणीसमोर, दोन साक्षीदारांदेखत लग्न लावून घेत. मागून मुलीचा बाप येतच असे. आज त्याच गावात हौशी जोडपी ऐरणीसमोर उभी राहून छायाचित्रे काढतात. मागून कोणी येत नाही. आले तर फुले उधळायला येते. आपल्याकडे जे आले आहे ते हे शिळे, बाप काढून घेतलेले पलायन.

आणि ज्यांच्या मागून खरोखरच कोणी येत असते त्यांचे काय? ती मुले आपल्या महाराष्ट्रात आजही आहेत. जात वेगळी, धर्म वेगळा, एवढाच त्यांचा अपराध. ती पळतात तेव्हा छायाचित्रकार बरोबर नेत नाहीत. पहिली गोष्ट करतात ती म्हणजे मोबाइल बंद. 2013 साली अहमदनगर जिल्ह्यातल्या सोनईला तीन तरुण मारले गेले, ते एका प्रेमप्रकरणाच्या रागापोटी. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना सांगावे लागले की अशा जोडप्यांना पोलिसांनी संरक्षण द्यावे आणि त्यांच्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात सुरक्षित निवारा उभारण्याचा विचार करावा. लग्न करणाऱ्याला निवारा हवा, असा हा आपला प्रगत समाज!

या मुलांना डोंगर नको असतो, कचेरी हवी असते. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली जात-धर्म न विचारता लग्न लागते. पण त्याला आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावतात आणि तीस दिवस हरकतीची वाट पाहतात. तीस दिवस! ज्यांच्यापासून लपायचे त्यांनाच वाचायला फळ्यावर पत्ता लावून ठेवायचा. या तीस दिवसांविरुद्ध ज्यांना ओरडता येते, लिहिता येते, वकील करता येतो, ती सुशिक्षित तरुण मंडळी काय करीत आहेत? ती सूर्यमाळवर पळण्याचा सराव करीत आहेत. खरे पळणारे पंधरा वर्षांपूर्वीही भेदरलेले होते, आजही आहेत. मधल्या काळात त्यांचा शब्द मात्र चोरीला गेला.

जाता जाता कायद्याचीच आणखी एक गोष्ट, कारण हौशी मंडळींना ती ठाऊक नसते. वाऱ्यावर साडी उडवून, एकमेकांना लिहून आणलेली वचने वाचून आणि अंगठ्या बदलून हिंदू विवाह होत नाही. 1955 च्या कायद्याला रूढीप्रमाणे विधी लागतात, आणि विधी झालाच नसेल तर नुसता नोंदणीचा दाखला उपयोगाचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे ड्रोनने टिपलेले ते सगळे सुंदर असले तरी कायद्याच्या डोळ्यांना ते नाटकच. गंमत अशी की 1954 च्या कायद्याला डोंगराचे वावडे नाही! नोटिशीची मुदत भरली की विवाह अधिकाऱ्याला जादा फी भरून कचेरीबाहेर, बेताच्या अंतरावरच्या जागीही बोलावता येते; तीन साक्षीदार मात्र हवेत. कमानीच्या खर्चात त्या फीचे काय मोठे! पण अधिकारी छायाचित्रात शोभत नाही.

आता त्या ठाण्याच्या हॉलकडे येतो.

‘आमचे पैसे, आमचे लग्न, तुमच्या पोटात का दुखते?’ असा प्रश्न मला विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. माझ्या पोटात दुखते ते असे. लग्नाचा खर्च ही आमच्या भागात हौसेची गोष्ट नाही, ती साखळी आहे. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक 1970 साली आले. ते ज्यांनी वाचले आहे त्यांना ‘लग्नगडी’ हा शब्द आठवत असेल. डहाणू-तलासरी-उंबरगावकडच्या वारल्याने लग्नासाठी सावकाराकडून थोडे रुपये घ्यायचे, आणि त्यापायी नवराबायको दोघांनीही त्याच्या दारी वर्षानुवर्षे, पुष्कळदा जन्मभर राबायचे. हळद फिटायच्या आत माणूस गहाण! 1945 च्या लढ्यात वारल्यांनी ही वेठ आणि लग्नगडी मोडून काढली. त्यासाठी गोळ्या खाल्ल्या. पुढे 1976 साली वेठबिगारीविरुद्ध सबंध देशाचा कायदा झाला. पण खर्च उरला, आणि खर्चाबरोबर कर्जही उरले. सावकाराच्या जागी वीटभट्टीचा मालक आला. पावसाळा संपताना तो किंवा त्याचा मुकादम गावात येऊन बयाणा देतो, बयाण्यातून लग्न होते आणि दिवाळी झाली की ते जोडपे भिवंडी-वसईकडे भट्टीवर ‘जगायला’ जाते. जगायला जाणे, हा आमच्याकडचा नेहमीचा शब्द आहे. बरोबर पोरेही जातात. माझ्यासारख्या मास्तराला हे पुस्तकात वाचावे लागत नाही. दिवाळीची सुट्टी संपल्यावर वर्गात कोण नाही ते पाहिले की कळते.

ज्यांना बयाणाही मिळत नाही किंवा घ्यायचा नसतो, ती जोडपी लग्न न लावताच नांदू लागतात. चोरून नव्हे; दोन्ही घरांना ठाऊक असते, गावाला ठाऊक असते. फक्त धवलेरी बोलावून, चौक लिहून, गावजेवण घालण्याएवढे पैसे जमायचे असतात. वर्षे जातात, मुले होतात, आणि कधी कधी मुलाच्या लग्नाच्या मांडवात आईबापांनाही हळद लागते. हे खरे लहान लग्न. ते लहान आहे ते गरिबीने, आणि त्याची आतून लाज वाटते. ही लाज कोणी शिकवली? आदिवासीच्या लग्नात पूर्वी दारू होती, तारपा होता, दोन-तीन दिवसांचा धिंगाणा होता, मी त्याला सोज्ज्वळ ठरवायला निघालेलो नाही. पण स्टेज नव्हते, दोन सिंहासने नव्हती, डीजे नव्हता, छापील आहेराची यादी नव्हती. हे सारे खालून वर आलेले आहे. पाडा खोडाळ्याकडे पाहतो, खोडाळा जव्हारकडे, जव्हार ठाण्याकडे, आणि ठाणे कोणाकडे पाहते ते तुम्हाला टीव्हीवर रोज दिसते.

म्हणून विचारतो, माझ्या त्या मुलीने लहान लग्न कुठे केले आणि मोठे कुठे केले? लहान केले डोंगरावर, जिथे तिला ओळखणारे कोणी नाही. मोठे केले हॉलमध्ये, जिथे सगळे ओळखणारे आहेत. लोक पाहणार काय आणि उचलणार काय? हॉल! लहान लग्नाला धैर्य लागते ते आत्याच्या तोंडावर ‘तुम्हा सगळ्यांना जेवण नाही’ असे सांगायला, सोसायटीतल्या शेजाऱ्याला ‘नुसता चहा घ्यायला या’ म्हणायला. वाऱ्यासमोर उभे राहायला धैर्य लागत नाही, शाल लागते. जो पैसेवाला आपल्या आळीत, आपल्या दारात, दोन तासांत लग्न उरकून दाखवील, तो खालच्या दहा घरांचा बयाणा वाचवील. डोंगरावर जाऊन तेच केले तर कोणाचेही काही वाचत नाही. उलट एका लग्नाची दोन होतात.

‘पण त्यामुळे तिथल्या मुलांना रोजगार मिळतो!’ मिळतो. खुर्च्या आणि कमानीचे लोखंड डोक्यावरून वर न्यायची एक दिवसाची मजुरी मिळते. पाण्याच्या बाटल्यांची खोकीही वाहून न्यायची असतात. त्यावरून आठवले. मुंबईसाठी वैतरणेवर मध्य वैतरणा धरण बांधले, ते 2014 साली पुरे झाले. आमच्याच डोंगरांचा पाऊस त्यात साठतो आणि आमच्याच तालुक्यात चैत्र-वैशाखात पाड्यापाड्यावर टँकरची वाट पाहतात. बाईच्या डोक्यावरचे दोन हंडे छायाचित्रात मागच्या बाजूला फार शोभून दिसतात, असे ऐकतो.

लहान लग्न जमत नाही, समाज ऐकत नाही, ही तक्रार तर आता कोणी करूच नये. 2020 साली टाळेबंदीत सरकारने पन्नास माणसांची मर्यादा घातली. 2021 च्या एप्रिलात पंचवीस माणसे आणि दोन तास, त्यावर मिनिटही नाही, मोडले तर पन्नास हजार दंड. लागली की नाही लग्ने? ज्या आत्याबाईंना बोलावले नाही त्या रुसल्या, चार महिन्यांनी बाळंतविडा घेऊन आल्याही. त्या दोन वर्षांत लागलेली लग्ने इतरांपेक्षा अधिक मोडली असे मी तरी पाहिलेले नाही. पण बंदी उठली आणि आपण असे धावत सुटलो की जणू राहिलेले जेवण वसूल करायचे होते.

आणि जुना दाखला हवा असेल तर घरातलाच घ्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचे लग्न 12 जून 1946 रोजी रत्नागिरीला झाले. नोंदणी पद्धतीने, घरच्या घरी. त्याची हकीकत सुनीताबाईंनी ‘आहे मनोहर तरी’मध्ये लिहिली आहे. खर्च काय, तर छापील फॉर्मचे आठ आणे. डोंगर नाही, समुद्र जवळ असून तोही नाही. वडिलांचे वकील स्नेही साक्षीला होते. त्या दोघांना देखावे कळत नव्हते असे कोण म्हणेल? रसिकतेत आपल्यापैकी कोण त्यांच्या पासंगाला पुरेल?

पण एवढे लांब तरी कशाला जायचे? आणखी थोड्या दिवसांनी कार्तिकी द्वादशी येईल आणि तुमच्या-आमच्या अंगणात, गॅलरीत, तुळशीचे लग्न लागेल. चार ऊस उभे केले की मांडव झाला. आवळा, चिंच, बोरे, हाताशी असतील ती फुले. घरातल्या धोतराचा अंतरपाट. ज्याला मंगलाष्टके येतात त्याने म्हणायची, नाही येत त्याने ‘सावधान’ तेवढे ओरडायचे. शेजारची चार पोरे अक्षता टाकतात, तेच साक्षीदार. चुरमुरे-पेढ्यावर पंगत उठते. या लग्नाला आजवर कोणी कंजूष म्हटले नाही आणि तुळस कधी कमी पतिव्रता ठरली नाही. लहान लग्न कसे करायचे ते आपल्या घरातल्या पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक आहे.

तेव्हा त्या मुलीला मी जे सांगितले तेच इथे सांगतो. सूर्यमाळला ये, जरूर ये. लग्नानंतर ये, नवऱ्याला घेऊन ये, कोणाच्या तरी घरी पैसे देऊन जेव, नागलीची भाकरी खा, त्या बाईला तिचे नाव विचार. लग्न मात्र तुमच्या सोसायटीच्या अंगणात, सगळ्यांना खिडकीतून दिसेल असे लाव. तिने विचार करते म्हणून सांगितले आहे. आणि ज्यांच्या घरी यंदा तुळशीनंतर कार्य आहे त्या आईबापांना माझी विनंती आहे, की पत्रिका अजून छापायला गेली नसेल, तर हॉलवाल्याकडे एकदा जाऊन यावे. आगाऊ रकमेतले किती परत मिळतात ते विचारावे.